क्लुसिअस: गोव्याचं पुस्तक, व्हिएन्नाचा बटाटा आणि लायडनचे ट्यूलिप

रानभूल

ट्यूलिपचा विषय निघाला की गप्पांची गाडी थेट १६३७ सालच्या हॉलंडमधल्या सट्ट्यावर जाते. कंदांना घराची किंमत आली, मग बाजार कोसळला, वगैरे. त्या सट्ट्याच्या चाळीसेक वर्षं आधी हेच कंद लायडनच्या मातीत लावणारा म्हातारा मात्र कुणाच्या गप्पांत येत नाही. कुबड्या घेऊन चालणारा, दात गेलेला, लग्न न केलेला आणि कायम पैशाच्या चणचणीत असलेला. त्याचा गोव्याशी आलेला संबंध तर आपल्याकडे फार थोड्यांना माहीत आहे. म्हणून हा धागा.

नाव शार्ल द लेक्लूज. पंडितांच्या त्या वेळच्या रिवाजाप्रमाणे त्याने नावाचं लॅटिन रूप केलं, कारोलुस क्लुसिअस. जन्म १५२६ चा, आरास गावातला. हे गाव आज फ्रान्समध्ये आहे. घराणं नावाजलेलं. वडिलांना मुलगा वकील व्हायला हवा होता, त्याप्रमाणे लूव्हेनला कायद्याची पदवी घेऊनही झाली. पुढे मारबुर्ग आणि विटेनबर्गला गेला, तिथे प्रॉटेस्टंट विचारांचा संग लागला आणि १५५१ मध्ये स्वारी माँपेल्येला पोचली. तिथे राँदले नावाचे वैद्यकाचे प्राध्यापक होते. त्यांचा मोठा ग्रंथ माशांवरचा. क्लुसिअस त्यांच्याच घरी राहिला आणि त्या ग्रंथाच्या लॅटिन लेखनात त्याने हात लावला. राँदले विद्यार्थ्यांना वर्गात बसवण्यापेक्षा रानात आणि समुद्रकिनारी हिंडवत. क्लुसिअस वैद्यक शिकला, पण वैद्यकी अशी केलीच नाही. झाडं बघायची तर त्या काळी वैद्यकाच्या दारातूनच आत जावं लागे, एवढाच त्याचा संबंध.

१५६४ मध्ये आउग्सबुर्गच्या फुगर सावकार घराण्यातल्या एका मुलाचा सोबती म्हणून तो स्पेन-पोर्तुगालला गेला. मुलगा देश बघत होता, हा रस्त्याच्या कडेची झुडपं. घोड्यावरून पडून हात मोडला, तरी फिरणं थांबलं नाही. त्या फेरीत त्याने दोनेकशे वनस्पती अशा टिपल्या की ज्यांचं नीट वर्णन आधी कुणी केलेलं नव्हतं. त्यावरचं पुस्तक अँटवर्पच्या प्लांटँ छापखान्यातून १५७६ ला निघालं.

याच प्रवासात लिस्बनला त्याच्या हाती एक पोर्तुगीज पुस्तक पडलं. गोव्यात १५६३ साली छापलेलं, छपाईच्या चुकांनी भरलेलं, शुद्धिपत्रच वीसेक पानांचं. लेखक गार्सिया द ओर्ता. हा वैद्य १५३४ पासून गोव्यात होता, अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाला औषध देत होता, आणि मुंबई बेट त्याच्याकडे खंडाने होतं. पुस्तकात आंबा, नारळ, फणस, हिंग, विडा, दालचिनी, मिरी असे विषय आहेत आणि मांडणी पन्नासहून अधिक संवादांची. रुआनो नावाचा एक काल्पनिक डॉक्टर ग्रीक-अरबी ग्रंथांतली मतं मांडतो आणि ओर्ता म्हणतो, मी इथे डोळ्यांनी पाहिलं ते असं आहे.

क्लुसिअसने हे पुस्तक लॅटिनमध्ये आणलं. संवाद काढून टाकले, मजकूर आटवला, क्रम बदलला, काही चित्रं घातली आणि स्वतःच्या टिपा वेगळ्या छापल्या. १५६७ मध्ये अँटवर्पला ते प्रसिद्ध झालं. नंतर १५७४, १५७९, १५९३, १६०५ अशा आवृत्त्या निघत राहिल्या. मूळ पोर्तुगीज पुस्तक मात्र पुन्हा छापलं गेलं ते १८७२ मध्ये! म्हणजे तीनशे वर्षं युरोपातल्या बहुतेक वैद्यांनी ओर्ता वाचला तो या माणसामुळे. क्लुसिअस स्वतः हिंदुस्थानात कधीच आला नाही.

१५७३ मध्ये बादशहा दुसऱ्या मॅक्सिमिलियनने त्याला व्हिएन्नाला बोलावून घेतलं. तुर्कांचं राज्य तिथून जवळ, त्यामुळे राजदूतांच्या सामानातून कंद-बिया येत. बुस्बेक नावाच्या माजी राजदूताने ट्यूलिपचे कंद आणि बिया दिल्या. हॉर्स चेस्टनटचं झाड १५७६ मध्ये आलं तेही असंच, कॉन्स्टँटिनोपलच्या राजदूताकडून. त्याच वर्षी मॅक्सिमिलियन वारला. गादीवर आलेला रुडॉल्फ कट्टर कॅथलिक, त्याने क्लुसिअसला नोकरीतून कमी केलं. पगार गेला पण हा व्हिएन्नात राहिलाच. आल्प्सची शिखरं चढून तिथल्या फुलांवर लिहू लागला. ऑस्ट्रिया-हंगेरीच्या वनस्पतींवरचं त्याचं पुस्तक १५८३ चं. झाडांची हंगेरियन नावंही त्याने तिथल्या एका धर्मोपदेशकाच्या मदतीने गोळा करून छापली. दरबारात राहून कोण शेतकऱ्यांना झाडाचं नाव विचारत बसतं?

मग काही वर्षं फ्रँकफुर्ट. तिथे पुन्हा पडला, खुबा निखळला, आणि कुबड्या आल्या त्या कायमच्या. १५९३ मध्ये, सदुसष्टाव्या वर्षी, लायडन विद्यापीठाने बागेसाठी बोलावलं. जागा किती, तर साधारण ३५ बाय ४० मीटर. रोजच्या कामाला डेल्फ्टचा औषधविक्या क्लाउट मदतनीस म्हणून दिला, कारण म्हाताऱ्याला वाकता येत नव्हतं. १५९४ च्या नोंदीत त्या एवढ्याशा तुकड्यावर हजाराहून जास्त प्रकार आहेत. बाकी बागा औषधी काढे शिकवण्यासाठी होत्या. इथे मात्र झाड औषधी नसलं तरी ते निव्वळ झाड म्हणून लावलेलं होतं, आणि माझ्या मते क्लुसिअसचं खरं मोठेपण यात आहे.

१६०९ मध्ये तो लायडनलाच वारला. त्याला आलेली हजारावर पत्रं आजही तिथल्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहेत. राजे, औषधविके, सरदारणी, माळी, सगळ्यांची. "तुमच्याकडचा तो पिवळा आयरिस फुलला का? दोन कंद पाठवा, मी बिया पाठवतो." अशा धाटणीचा सगळा व्यवहार. त्या काळी वनस्पतिशास्त्राला कुठे खातं नव्हतं की नियतकालिक. जे होतं ते या टपालात.

बटाट्याची गोष्ट प्रतिसादात लिहितो, हात दुखले.

---

कोकमसरबत

मस्त धागा! एक भर घालते. स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनिअसने याच्या नावावरून एका अमेरिकन झाडाला क्लुसिया नाव दिलं आणि त्यावरून पुढे अख्ख्या कुळाचं नाव क्लुसिएसी झालं. आपलं कोकम, म्हणजे रातांबा, याच कुळातलं. मँगोस्टीनसुद्धा. कोकमाच्या प्रजातीचं गार्सिनिया हे नाव मात्र गार्सिया द ओर्तावरून नाही, ते लोराँ गार्सँ या नंतरच्या माणसावरून आहे. आमच्या सावंतवाडीच्या एका मास्तरांनी वर्षानुवर्षं उलटं शिकवलं होतं.

---

मांडवीकाठ

लेख आवडला, पण एक खटकलं. संवाद काढून टाकले, मजकूर आटवला, हे तुम्ही एका ओळीत उरकलंत. अहो, त्या पुस्तकाचा जीवच तो आहे!

मूळ पुस्तकात ओर्ताच्या घरातली अंतोनिया नावाची दासी आहे. मालक हाक मारतो आणि ती झाडाची फांदी, फळ, काय हवं ते आणून पुढे ठेवते. मालुपा नावाचा हिंदू वैद्य आहे, त्याच्याकडून ओर्ता माहिती विचारून घेतो. मोडशी, म्हणजे पटकी, झालेल्या रोग्याला बघायला जाण्याचा प्रसंग आहे, त्यात हातापायाचा गारठा, खोल गेलेले डोळे, सगळं आहे. मुंबईच्या आपल्या बागेतला आंबा वर्षात दोनदा फळतो ही बढाईसुद्धा आहे. ही माणसं आणि ही बडबड लॅटिनमध्ये गेली कुठे? उरली ती औषधांची यादी. ज्या गोव्याच्या घरात हे ज्ञान तयार झालं ते घरच पुसून टाकलं, आणि युरोपला वाटलं की सगळं एका पोर्तुगीज डॉक्टरने डोक्यातून काढलं.

शंभर वर्षांनी कोचीनला व्हान ऱ्हेडे या डच अधिकाऱ्याने मलबारच्या वनस्पतींचा ग्रंथ केला तेव्हा मलबारी वैद्य इट्टी अच्युतन आणि रंग भट, विनायक पंडित, अप्पू भट या तीन कोकणी ब्राह्मणांची प्रमाणपत्रं त्यांच्या अक्षरात ग्रंथात छापली. ब्राह्मणांचं तर नागरी लिपीत आहे. म्हणजे मनात असलं तर करता येत होतं.

---

रानभूल

@मांडवीकाठ, मुद्दा रास्त आहे आणि अंतोनिया गळाली याची हळहळ मलाही आहे. पण दोन गोष्टी बघा. क्लुसिअसने ओर्ताचं नाव मुखपृष्ठावर ठेवलं आणि आपल्या टिपा वेगळ्या काढल्या, म्हणजे गोव्याचा माणूस काय म्हणतो आणि मी काय म्हणतो यात वाचकाची गफलत होऊ नये. त्या शतकात दुसऱ्याचा मजकूर सरळ आपल्या नावावर खपवणारे पैशाला पासरी होते. दुसरं, त्याचं लॅटिन पुस्तक लहान आकाराचं, वैद्याच्या झोळीत मावेल असं. पोर्तुगीज वाचणारे किती होते? ओर्ताची त्याने टिपा केलेली मूळ प्रत केंब्रिजच्या ग्रंथालयात आहे. समासात काय काय खरडलंय ते बघितलं की हा माणूस नुसता काटछाट करत नव्हता, वाद घालत वाचत होता, हे कळतं.

आणि व्हान ऱ्हेडे स्वतः कोचीनचा कमांडर होता. समोर बसलेल्या माणसाकडून प्रमाणपत्र लिहून घेणं त्याला जमलं. अँटवर्पला बसलेल्या क्लुसिअसला मालुपा कुठून भेटणार?

---

मांडवीकाठ

भेटणार नव्हता हे मान्य. पण तो छापील पानावर होता ना? त्याला पानावरून उठवायची काय गरज होती? असो, यावर आपलं एकमत होणार नाही.

ओर्ताचं पुढे काय झालं तेही इथे असू द्या. तो ज्यू वंशाचा, बाहेरून ख्रिस्ती. १५६८ मध्ये गोव्यात वारला. पुढच्याच वर्षी इन्क्विझिशनने, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाने, त्याच्या बहिणीला, कातारिनाला, जाळलं. आणि १५८० मध्ये ओर्ताची हाडं उकरून काढून तीही जाळली. म्हणजे अँटवर्पला त्याच्या पुस्तकाची १५७९ ची आवृत्ती विक्रीला होती आणि इकडे त्याच्या थडग्यावर कुदळ चालत होती.

---

रानभूल

हो, आणि तिकडे क्लुसिअसच्या घरीही फार वेगळं चित्र नव्हतं. स्पेनचा सुभेदार आल्बा याच्या अमलात नेदरलँड्समध्ये प्रॉटेस्टंटांची धरपकड झाली तेव्हा त्याच्या कुटुंबाची मालमत्ता गेली, जवळच्या नात्यातला एक वृद्ध पाखंडी ठरवून जाळला गेला. दोघंही श्रद्धेविषयी तोंड मिटून राहिले आणि झाडांविषयी मात्र भरभरून बोलले.

---

खडूस पेठकर

एवढी आरती झाली, आता थोडं कुंकू पुसतो. आयुष्यभर फुकट वाटणारा असा सूर इथे दिसतोय. आम्ही वाचलंय ते उलट. लायडनला आल्यावर म्हातारा कंद कुणाला देईना, दाम सांगे भलता, म्हणून लोकांनी रात्री बाग फोडून कंद पळवले आणि त्या चोरीच्या मालातून हॉलंडभर ट्यूलिप पसरले. शेवटी चोरांनीच देशाचं भलं केलं म्हणायचं!

---

इतिहासजमा

@पेठकर, ही गोष्ट फार गोड आहे म्हणून सगळे सांगतात. ती एका डच वृत्तलेखकाने लिहिली, तीही क्लुसिअस जाऊन दीड दशक उलटल्यावर. क्लुसिअसच्या स्वतःच्या पत्रव्यवहारात चित्र वेगळं दिसतं. चोऱ्या झाल्या, एकदा नाही, अनेकदा, आणि तो त्यावर चिडलाही. पण त्याच काळात ओळखीच्यांना पेट्या भरभरून कंद जातच होते. चिमे संस्थानची प्रिन्सेस मारी द ब्रिम्यू, जिने लायडनची नोकरी मिळवून द्यायला खटपट केली, तिने त्याला या देशातल्या सगळ्या सुंदर बागांचा बाप म्हटलंय. कंजूष माणसाला हे कोण म्हणेल?

त्याला राग होता तो व्यापाऱ्यांचा. ज्यांना झाडाशी देणंघेणं नाही, नुसतं पाहुण्यांना दाखवायला हवं, अशांना कंद द्यायची त्याची तयारी नव्हती. लिप्सिअस या मित्राला त्याने लिहिलं होतं की आता वाणी-उदमी यात शिरले, या छंदाची किंमत जाणार. आणि सगळेच ट्यूलिप त्याच्या बागेतून निघाले हेही खरं नाही. नेदरलँड्समध्ये ते आधीच येऊन पोचले होते.

क्लुसिअसनेच नोंदवलेला एक किस्सा आहे. अँटवर्पच्या एका व्यापाऱ्याला कॉन्स्टँटिनोपलहून कापडाच्या गठ्ठ्यांबरोबर कंद आले. त्याला वाटलं, कांदे. निखाऱ्यावर भाजून तेल-व्हिनेगर लावून खाल्ले. उरलेले परसात कोबीशेजारी पुरले, त्यातले बहुतेक गेले, थोडे मेखेलेनच्या एका बागप्रेमी व्यापाऱ्याने वाचवले.

---

रानभूल

आणि क्लुसिअसनेही खाल्ले होते बरं का! फ्रँकफुर्टच्या एका औषधविक्याकडून साखरेत मुरवून घेतले, ऑर्किडच्या मुळांशी तुलना करायला म्हणून. त्याला आवडले. हे कुणी घरी करून बघू नका, ट्यूलिपचे कंद त्रास देतात.

---

मळेकरी

फुलशेतीवाला म्हणून दोन शब्द. बियांपासून ट्यूलिप फुलायला पाच ते सात वर्षं लागतात. कंदाला वर्षाला दोन-तीन पिल्लं सुटतात, बस. म्हणजे चांगला वाण हाताशी आला तरी गल्लाभर माल व्हायला एक पिढी जाते. क्लुसिअसने ओळखीवाल्यांपुरतं दिलं यात कंजुषी कमी आणि गणित जास्त असावं.

दुसरं. सट्ट्याला जी फुलं चढली ती पट्टेदार, पांढऱ्यावर लाल-जांभळ्या ज्वाळा असलेली. साध्या रंगाचा कंद अचानक एखाद्या वर्षी असं फूल देतो. क्लुसिअसने हे फार लवकर हेरलं, आणि असं फूल दिलेला कंद पुढे खंगत जातो हेही लिहून ठेवलं. कारण कळायला विसावं शतक उजाडलं. १९२० च्या दशकात इंग्लंडमध्ये डोरोथी केली यांनी दाखवलं की हा रोग आहे, निरोगी कंदाला रोगट कंदाचा तुकडा जोडला की पट्टे येतात. विषाणू पसरवतो मावा. आमच्याकडे भेंडीवर केवडा येतो, पानं पिवळी जाळीदार दिसतात, तो पांढऱ्या माशीने. आम्ही ते झाड उपटून जाळतो. डचांनी त्याची बोली लावली!

---

अळंबीवेडी

याने अळंब्यांवरही काम केलं होतं ना? त्याबद्दल कुणीच बोलत नाहीये.

---

रानभूल

केलं होतं, आणि त्याच्या आधी इतकं कुणीच केलं नव्हतं. हंगेरीच्या सीमेवर ग्युसिंग इथे बॉल्डिझार बाथ्यानी नावाचा सरदार होता, तो क्लुसिअसचा आश्रयदाता. त्याने चित्रकाराकडून अळंब्यांची जलचित्रं करून घेतली, ऐंशीवर पानं. क्लुसिअस तिथल्या गावकऱ्यांना विचारी की कुठली खाता, कुठली टाळता, काय म्हणता. त्यावरून त्याने खाण्याच्या आणि विषारी असे दोन गट केले. १६०१ च्या त्याच्या मोठ्या ग्रंथाला हा भाग जोडलेला आहे. पण छपाईच्या वेळी चित्रांचा गठ्ठाच सापडेना, त्यामुळे बिचाऱ्याला ओबडधोबड लाकडी ठशांवर भागवावं लागलं. चित्रं पुढे लायडनच्या ग्रंथालयातच मिळाली, पण तोवर क्लुसिअसला जाऊन फार काळ लोटला होता.

आता कबूल केलेला बटाटा. जानेवारी १५८८ मध्ये क्लुसिअस व्हिएन्नात असताना मोन्सच्या सुभेदाराने, फिलिप द सिव्रीने, त्याला दोन बटाटे आणि झाडाचं एक फळ पाठवलं. पुढच्या वर्षी त्या झाडाचं रंगीत चित्रही धाडलं. ते अँटवर्पच्या प्लांटँ-मोरेटुस संग्रहालयात आहे आणि कडेला क्लुसिअसच्या हातची नोंद आहे. त्याने ते लावले, वाढवले, दोस्तांना वाटले. १६०१ च्या ग्रंथात लिहिलंय की इटलीत तर लोक हे आता मटणाबरोबर गाजर-सलगमसारखे शिजवून खातात, आणि डुकरांनाही घालतात.

---

खडूस पेठकर

डुकरांना! आमच्या एकादशीच्या ताटाची ही किंमत. चतुर्थीला बटाट्याचा कीस खाताना आता हे आठवणार, धन्यवाद.

---

लायडनची सून

इथे राहते म्हणून लिहिते. रापेनबुर्ग कालव्यावर विद्यापीठाची जुनी इमारत आहे, तिच्यामागे हॉर्टस, म्हणजे विद्यापीठाची वनस्पतिबाग. त्यात क्लुसिअसची बाग १५९४ च्या आराखड्यावरून पुन्हा उभी केली आहे. वाफे अगदी चिंचोळे, आयताकृती, एका वाफ्यात एकेका झाडाला पाटावर जेवायला बसवल्यासारखं अंतर राखून. मधल्या वाटेवर उभं राहिलं की सगळी बाग एका नजरेत येते. इथे येणारे बरेच पाहुणे कॉइकेनहोफ या मोठ्या फुलबागेतली लाखो फुलं बघून येतात आणि म्हणतात, एवढंच? मी त्यांना सांगते की तिथे एकेका रंगाचा गालिचा आहे, इथे एकेक झाड ओळखीचं करून घ्यायचं आहे.

सासूबाई आल्या होत्या त्यांनी झेंडू शोधून काढला. त्यांच्याशी झेंडू अमेरिकेचा की दसऱ्याचा यावर तासभर वाद झाला. तो अमेरिकेचाच, आणि क्लुसिअसच्या काळात युरोपात नवलाईचा होता. यायचं तर एप्रिलचा दुसरा पंधरवडा गाठा. स्खिपोल विमानतळाहून लायडन आगगाडीने वीसेक मिनिटं.

---

कोकमसरबत

@मळेकरी दादा, पुण्यात गच्चीवर ट्यूलिप होईल का? ऑनलाइन कंद मागवले होते, नुसती पानं आली.

---

मळेकरी

ताई, कंदाला आधी थंडी लागते. बारा ते चौदा आठवडे फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात, कागदी पिशवीत, पाच अंशांच्या आसपास. त्या कप्प्यात सफरचंद, केळी ठेवायची नाहीत. पिकत्या फळातून इथिलीन सुटतं, त्याने कंदातली कळी आतच मरते. तुमच्याकडे बहुधा हेच झालं किंवा थंडी कमी पडली. डिसेंबरअखेर लावा, सकाळचं ऊन, दुपारी सावली, पाणी साचू द्यायचं नाही. फूल येईल, पण तोच कंद पुढच्या वर्षी फुलेल ही आशा पुण्यात ठेवू नका.

हौसच असेल तर बाजारातल्या जाड्या हायब्रिडऐवजी ट्यूलिपा क्लुसियाना मिळतो का बघा. इराण, अफगाणिस्तानापासून पश्चिम हिमालयापर्यंतचा आहे, बाहेरून लाल पट्टा आणि आत पांढरा. याला थंडी कमी पुरते. क्लुसिअसला याचा कंद फ्लॉरेन्सहून आला होता आणि लायडनला १६०७ मध्ये फुलला. तेव्हा त्याचं वय एक्क्याऐंशी.